दुकानदाराचं राजकारण बघून खरेदी करावी का?

रंकाळाकाठ | शनिवार, रात्री ९.४०

हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढतो.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक यादी फिरली, कुठल्या दुकानांत जायचं नाही त्याची. फळवाला, बेकरी, पंक्चरवाला, चिकनचं दुकान. सगळी नावं एकाच धर्माची, आणि खाली एक ओळ : 'आपला पैसा आपल्यातच राहू द्या.' त्याच सुमारास आमचा रविवारचा कट्टा फुटायची वेळ आली. आम्ही ज्या हॉटेलात मिसळ खातो, त्याच्या मालकाने विधानसभेला एका उमेदवाराचा उघड प्रचार केला होता. निम्मे म्हणाले, आता तिथे पाऊल टाकायचं नाही. आणि घरात लेकीने एका परदेशी कॉफीच्या साखळीत जाणं सोडलंय. गाझात जे चाललंय त्याचा निषेध म्हणून.

तिन्ही प्रकारांना लोक एकच शब्द वापरतात, बहिष्कार. मला मात्र या तीन गोष्टी एकाच पंगतीत बसवता येत नाहीत. पहिल्या यादीने मला संताप आला, दुसऱ्या बाबतीत मला कट्ट्याचं म्हणणं पटलं नाही, आणि लेकीचा निर्णय मला आदर वाटावा असा वाटला, जरी तिचं लक्ष्य बरोबर आहे का याची शंका आहे. त्या साखळीची इथली दुकानं भारतीय भागीदारीत चालतात. तिने न घेतलेल्या कॉफीची झळ कुणापर्यंत पोचते, हे तिलाही नीट सांगता आलं नाही.

पैसा खर्च करताना डोळे मिटून घ्यावेत असं मला मुळीच वाटत नाही. आपण मत पाच वर्षांतून एकदा देतो, पैसे रोज देतो. पण कुठल्या कारणासाठी दुकान सोडावं आणि कुठल्या कारणासाठी सोडू नये, याची काही कसोटी असायला हवी. तुमची काय आहे?


शेवगा | शनिवार, रात्री १०.१५

माझी कसोटी सरळ आहे. हॉटेलात चव बघायची, दुकानात माल आणि भाव बघायचा. माझा दाताचा डॉक्टर, इस्त्रीवाला, रिक्षावाला कुणाला मत देतात हे मला ठाऊक नाही आणि मी विचारतही नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत राजकारणच आहे सगळीकडे. टीव्हीवर तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. मिसळीच्या टेबलावर तरी चार वेगळ्या विचारांची माणसं शेजारी बसतात, ती जागा तरी राहू द्या. तीही गेली तर आपण एकमेकांना भेटणार कुठे?


गिरणगाव | शनिवार, रात्री ११.०५

@शेवगा, तुमची तळमळ कळते, पण खरेदी आणि राजकारण वेगळं ठेवा हे महाराष्ट्रात तरी कुणी म्हणू नये. आपल्याकडे राजकारण बाजारातूनच घडलंय.

पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातमागाच्या खादीत गेले. गांधीजी तेव्हा शाळकरी पोर होते. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि त्याच ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. पुढाकार फर्ग्युसनमध्ये शिकणाऱ्या सावरकरांचा होता, टिळक आणि शि. म. परांजपे त्यांच्या पाठीशी होते. कॉलेजने सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. नुसतं जाळून लोक थांबले नाहीत. अंताजी दामोदर काळ्यांनी घरोघरी एकेक पैसा मागून 'पैसा फंड' उभा केला, आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला.

आणि बाबू गेनू. आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. काय विकलं जावं आणि काय जाऊ नये, यासाठी तो पोरगा मेला. त्याच्या नावाच्या रस्त्यावर उभं राहून 'बाजारात राजकारण नको' असं माझ्याच्याने तरी म्हणवत नाही.


निशिगंध | रविवार, सकाळी ८.२०

गिरणगाव, सगळं मान्य. पण त्या बहिष्कारात बहिष्कार घालणाऱ्याला किंमत मोजावी लागत होती. जाडंभरडं कापड नेसायचं, महाग घ्यायचं, प्रसंगी लाठी खायची. आज आपण जे करतो त्यातलं बरंचसं फुकटचं असतं. २०२० मध्ये गलवाननंतर आमच्या ठाण्याच्या सोसायटीत चिनी मालाविरुद्ध घोषणा झाल्या. गणपतीला मखरावर माळा चिनीच होत्या, आणि घोषणांचे व्हिडिओ ज्या फोनवर काढले तेही चिनीच. मी हे कुणाला टोचायला म्हणत नाहीये. पर्याय नसला की बहिष्कार चार दिवसांत विरतो, एवढंच मला दिसलं.

२०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कीची सफरचंदं घेणं थांबवलं, तेव्हा ते जमून आलं. कारण हिमाचल, काश्मीर, इराण असे दुसरे रस्ते होते आणि घाऊक व्यापारी एकत्र होते. ग्राहकाला काही करावंच लागलं नाही.

आणखी एक. घरातलं वाणसामान आणणारी बहुतेक बाईच असते. बहिष्कार पुरुष ठरवतात व्हॉट्सॲपवर, आणि लांबच्या दुकानात पिशव्या घेऊन जाते ती. कोपऱ्यावरचा फळवाला महिनाअखेरीला उधार देतो हे तिला माहीत असतं.


वाणसामान | रविवार, दुपारी ३.१०

मी स्वतः दुकानदार आहे. चांदवड भागात किराणा, वडिलांपासून. गल्ल्याच्या अलीकडून काय दिसतं ते लिहितो.

दुकानाबाहेर फ्लेक्स लागला म्हणजे तो पक्ष माझा, असं समजू नका. पोरं रात्री येतात, माझ्याच शटरवरच्या अँगलला तारेने बांधून जातात, सकाळी मला कळतं. काढला तर विचारायला येणार. ठेवला तर दुसऱ्या गटाचं गिऱ्हाईक तोंड फिरवणार. दहीहंडी, गणपती, जयंती, सप्ता, वर्गणीच्या पावत्या एका खिळ्याला अडकवलेल्या असतात. त्या चाळल्या तर तालुक्यातले सगळे पक्ष त्यात सापडतील. यातून माझं राजकारण कुणी कसं काढणार?

साखर-तेलात आम्हाला जवळपास काही सुटत नाही. दोन पैसे मिळतात ते मसाला, साबण, सुट्या मालात. दहा-पंधरा घरं तुटली तर पहिल्यांदा पुड्या बांधणारा पोरगा घरी बसतो, मालक नंतर. हे कुणी बहिष्कार घालताना मोजत नाही.

आता यादीबद्दल. आमच्याकडेही आली होती. मी पाव विकतो. पहाटे पाचला बेकरीचा माणूस सायकलवर पत्र्याची पेटी घेऊन येतो, लादी गरम असते, कागद ओला होतो वाफेने. बेकरी मुसलमानाची आहे. भट्टीवर काम करणारी चार पोरं आमच्याच गल्लीतली, हिंदू. मला चांगल्या घरच्या दोन माणसांनी येऊन सांगितलं, पाव दुसरीकडून घे. मी विचारलं, त्याचं चुकलं काय? मैद्यात भेसळ आहे? वजन कमी आहे? कुणाला शिवी दिली? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मी पाव तिथूनच घेतो. ते दोघं आता माझ्याकडे येत नाहीत.

कांद्याची पट्टी आली की आमच्याकडे उधारी भागते. भाव पडला की वही तशीच राहते, दोन-दोन महिने. त्या वहीत सगळ्या जाती, सगळे पक्ष आहेत. मी जर राजकारण बघून उधारी द्यायला लागलो तर गाव चालेल का?


शेवगा | रविवार, दुपारी ३.४०

वाणसामान, पूर्ण अनुमोदन. मला शब्दात मांडता येत नव्हतं ते तुम्ही मांडलंत.


जर्सीसिटीकर | रविवार, रात्री ८.५५

इकडे अमेरिकेत हा वाद फार जुना आहे. इथे राजकीय देणग्यांची नोंद सरकारदरबारी जाहीर असते. कुणी कुठल्या उमेदवाराला किती दिले ते नाव टाकून शोधता येतं. त्यामुळे 'मालक कुठल्या बाजूचा' हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. २०१२ मध्ये चिक-फिल-ए या चिकन सँडविचच्या साखळीच्या प्रमुखाने समलिंगी विवाहाविरुद्ध भूमिका घेतली. एका बाजूने बहिष्कार जाहीर झाला, दुसऱ्या बाजूने ऑगस्टच्या एका दिवशी मुद्दाम रांगा लावून सँडविच घेतले. धंदा पुढे वाढतच गेला. माहिती असली म्हणजे बहिष्कार यशस्वी होतोच असं नाही, हे त्यातून दिसलं.

भारतातही एक दार किलकिलं झालं होतं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले आणि मार्चमध्ये कुणी किती रोखे घेतले, कुठल्या पक्षाने वटवले हे प्रसिद्ध झालं. मी ती यादी बसून वाचली. सर्वात मोठा खरेदीदार लॉटरीचा धंदा करणारा, १,३६८ कोटींचा. त्याच्या मागोमाग रस्ते-धरणं बांधणारी कंत्राटदार कंपनी, ९६६ कोटींची. माझ्या आईच्या महिन्याच्या यादीत यातलं काय येतं? लॉटरी ती घेत नाही आणि धरण कुणी दुकानातून आणत नाही. राजकारणात खरा मोठा पैसा ओतणारे ग्राहकाच्या हातात सापडतच नाहीत. हातात सापडतो तो मिसळवाला आणि बेकरीवाला. राग तिकडचा, आणि निघतो इकडे. हे मला फार अन्यायाचं वाटतं.


तालुका_कोर्ट | सोमवार, सकाळी ११.३०

थोडं कायद्याचं सांगतो, कारण यात गल्लत होते.

एखाद्याने एखाद्या हॉटेलात न जाणं हा त्याचा हक्क आहे, कारण काहीही असो. हॉटेलवाल्याने मात्र धर्म, जात, लिंग, जन्मस्थान बघून कुणाला आत न घेणं चालत नाही. राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे गिऱ्हाईक आणि दुकानदार यांची जागा कायद्याला सारखी नाही.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तो प्रामुख्याने जातपंचायतींसाठी आहे, म्हणजे समाजाने आपल्याच माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध. सोसायटीतल्या यादीला तो सरळ लागेल असं मी म्हणणार नाही. तिथे दोन समाजांत तेढ वाढवण्याचं कलम बघावं लागेल, भारतीय न्याय संहितेचं १९६, आणि मजकूर नेमका काय आहे त्यावर ते ठरेल.

जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यपदार्थांच्या दुकानदारांना मालकाचं नाव ठळक लावायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला स्थगिती दिली. कुठलं अन्न विकता ते सांगा, मालकाचं नाव लावायची सक्ती नको, असा त्या आदेशाचा आशय होता. पदार्थ शाकाहारी की मांसाहारी हे गिऱ्हाइकाला कळलंच पाहिजे. शिजवणाऱ्याचं आडनाव कळायला हवं का, तर नाही.


रंकाळाकाठ | सोमवार, रात्री ९.२०

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. एक आमच्या कोल्हापुरातलीच गोष्ट सांगतो. कोल्हापूरकरांना माहीत असेल, पण या धाग्यात ती हवीच.

गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. महार समाजातले. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून तिथल्याच इतर नोकरांनी त्यांना जबर मारलं. शाहू महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर त्यांना कळलं. त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामना नोकरीतून मोकळं करून स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं दुकान निघालं, 'सत्यसुधारक' नावाचं. जागा मोक्याची, चहा चांगला. पण गिऱ्हाईक येईना. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार?

महाराजांनी काय केलं? फर्मान काढून लोकांना चहा प्यायला लावलं नाही. खडखड्यातून, म्हणजे घोडागाडीतून, फेरफटक्याला निघायचे ते दुकानासमोर थांबायला लागले, चहा मागवून भर रस्त्यात प्यायला लागले. बरोबर जे सरदार, मानकरी, अधिकारी असतील त्यांनाही तोच चहा. कुणाला नाही म्हणता येईना. हळूहळू शहर तिथे यायला लागलं.

चहा कुठे प्यायचा हा निर्णय इतका राजकीय मी दुसरा पाहिलेला नाही. म्हणून शेवगा, मी तुमच्याशी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. नुसती चव बघून गिऱ्हाईक आलं असतं तर महाराजांना थांबावं लागलं नसतं.

पण त्याच गोष्टीतून मला माझी कसोटीही मिळते. त्या दुकानात न जाणारे लोकही एक बहिष्कारच घालत होते. त्यांना विचारलं असतं की गंगाराम कांबळ्यांनी काय केलं म्हणजे तुम्ही याल, तर ते काय सांगणार होते? जन्म बदल म्हणणार? वाणसामान यांनी बेकरीबद्दल विचारलं तेच. ज्या बहिष्काराला संपायची अटच नाही, तो निषेध होत नाही, ते वाळीत टाकणं झालं. आमच्या सोसायटीची यादी त्यात बसते. मी ग्रुपवर हेच लिहिलं : या फळवाल्याने काय केलं तर तुम्ही परत जाल, ते सांगा. अजून कुणी सांगितलेलं नाही.

मिसळवाल्याचंही तेच. त्याने प्रचार केला, मत मागितलं. ते थांबव म्हणायचा मला हक्क नाही. उद्या त्याने कामगाराला पक्षाच्या मोर्चाला जायची सक्ती केली, किंवा गिऱ्हाईक निवडायला लागला, तर मी जाणार नाही, आणि का येत नाही ते त्याला जाऊन सांगेन.


जर्सीसिटीकर | सोमवार, रात्री १०.४०

अटीचा मुद्दा पटला. १९५५ मध्ये माँटगोमेरीला कृष्णवर्णीयांनी बसमध्ये बसणं सोडलं तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या मागण्या कागदावर होत्या, आणि आज वाचल्या तर किती साध्या वाटतात : चालकांनी नीट बोलावं, जो आधी येईल त्याला आधी जागा, आणि कृष्णवर्णीय वस्तीतल्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत. कंपनीला त्या मान्य करता आल्या असत्या. केल्या नाहीत. ३८१ दिवस लोक चालत गेले, एकमेकांना गाडीतून सोडत राहिले, आणि शेवटी न्यायालयाने बसमधली विभागणीच रद्द केली. पण पहिल्या दिवसापासून समोरच्याला माहीत होतं की काय केलं की हे थांबेल.

एक शंका मात्र आहे. लांबच्या देशातल्या युद्धासाठी तुमची लेक जी कॉफी सोडते, तिथे अट कुणाला कळवायची?


गिरणगाव | मंगळवार, सकाळी ७.५०

त्यावर उत्तर दक्षिण आफ्रिकेचं आहे. वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध लंडनमध्ये १९५९ पासून तिथल्या मालावर बहिष्काराची चळवळ सुरू झाली. नेल्सन मंडेलांच्या दीर्घ तुरुंगवासाच्याही आधी. बार्कलेज बँकेत विद्यार्थ्यांनी खाती उघडू नयेत म्हणून वर्षानुवर्षं मोहीम चालली, आणि १९८६ मध्ये बँक तिथून बाहेर पडली. लांबचं होतं, तरी अट स्पष्ट होती. फक्त त्याला पिढी जावी लागली, आणि एकेकट्याने कॉफी सोडून ते झालं नाही, त्यामागे संघटना होत्या. रंकाळाकाठ, लेकीला एवढंच सांगा की एकटी राहू नकोस.

आणि 'कुठे जायचं नाही' एवढ्यावरच आपण का थांबतो? नायगावात १९४८ मध्ये कामगारांसाठी 'अपना बाजार' निघाला. बिंदुमाधव जोशींनी पुण्यातून ग्राहक पंचायत उभी केली, मुंबई ग्राहक पंचायतीत १९७५ पासून शेजारची कुटुंबं संघ करून एकत्र वाणसामान मागवतात, स्वतः वाटून घेतात. त्याच साली प्रेमाताई पुरवांनी गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ बांधलं, त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आमच्या घरी पाहुणे जास्त झाले की जेवण अजूनही बचत गटाच्या बायकांकडून येतं. चवीला हॉटेलपेक्षा कमी नाही, आणि पैसा कुणाच्या हातात पडतो ते समोर दिसतं.

एक गोष्ट मात्र वाणसामान यांच्यासाठी. गांधीजी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेले तेव्हा इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या डारवेन गावाला मुद्दाम गेले. आपल्या बहिष्काराने ज्या गिरणी कामगारांचं काम गेलं होतं, त्यांना भेटायला. बहिष्कार मागे घेतला नाही, पण तो का आहे ते त्यांच्या घरात बसून सांगितलं. पुड्या बांधणाऱ्या पोराच्या तोंडावर जे सांगता येत नाही, ते करू नये.


निशिगंध | मंगळवार, दुपारी २.३०

माझं एक चालू प्रकरण सांगते. आमच्या भागातल्या एका मोठ्या हॉटेलात आम्ही कुटुंबासह गेलो होतो, मुलाला सांभाळणाऱ्या मावशी बरोबर होत्या. आमच्याच टेबलावर त्यांची खुर्ची ओढली तर मॅनेजर हळूच येऊन म्हणाला, "मॅडम, त्यांची सोय बाहेर बाकावर आहे, प्लेट तिकडे पाठवतो." मावशी उठायलाच लागल्या होत्या. मी त्यांना धरून बसवलं, मग वाद झाला, मग आम्ही सगळेच उठलो. बिल भरणारी मी होते, चौघांच्या जेवणाचे पैसे द्यायला तयार होते, तरी.

मी तिथे जात नाही आणि बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कारणासकट सांगितलंय. मालकांना लेखी कळवलंय की टेबलाचे पैसे देणाऱ्याबरोबर जो येईल तो टेबलावर बसेल, एवढं कबूल करा, पुढच्या रविवारी आम्ही हजर.


शेवगा | मंगळवार, दुपारी ३.०५

निशिगंध, हे हॉटेल मीही सोडलं असतं. पण याला मी राजकारण म्हणणार नाही. ही साधी माणुसकी आहे.


निशिगंध | मंगळवार, दुपारी ३.५०

शेवगा, कुणी कुठे बसायचं हे ठरवणं म्हणजे राजकारणच. गंगाराम कांबळ्यांच्या चहाचं काय होतं मग? माणुसकीवर भागलं असतं तर वर तालुका_कोर्ट यांनी सांगितलेल्या कलमात उपाहारगृहं आणि हॉटेलं वेगळी लिहावी लागली नसती.

मालकांचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथेच टाकते. तालुका_कोर्ट, मावशींच्या बाबतीत १५(२) लागत नाही असं मला एकाने सांगितलं, कारण जात विचारलीच नव्हती, कामावरून ठरवलं. तुम्हाला काय वाटतं?


तालुका_कोर्ट | मंगळवार, सायंकाळी ६.१५

ज्याने सांगितलं त्याचं शब्दशः बरोबर आहे. कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढंच आहे, 'काम' नाही. म्हणून इथे कोर्टापेक्षा तुमचं पत्र जास्त उपयोगाचं आहे. त्यात बिल्डिंगमधल्या बाकीच्यांच्याही सह्या घ्या, आणि मावशींची हरकत नसेल तर पहिली सही त्यांची घ्या.